कच्च्या कामाची जागा

आमच्या शाळेला कमान नाही, पण कमानीचे दोन खांब आहेत. तीन वर्षांपूर्वी हेडसरांनी मोठ्या हौसेनं काम काढलं. खांब उभे राहिले आणि शाळेचं नाव वर चढायच्या आत पैसे संपले. दोन्ही बाजूंचं कुंपण कधीच आडवं झालंय, त्यामुळे शाळेत कुठूनही शिरता येतं. तरी मुलांनी खांबांच्या मधूनच यायचं, असा हेडसरांचा दंडक आहे. कमान पुरी व्हावी म्हणून ते शाळेच्या राखीव निधीत दरवर्षी थोडी भर घालत आले आहेत. हे मला ठाऊक, कारण कारकुनाची जागा रिकामी आहे आणि तिसरीच्या वर्गाबरोबर शाळेचं दप्तरही माझ्याच गळ्यात आहे.

आमच्या शिक्षण मंडळाकडे सात शाळा आणि पैसा साडेतीन शाळांपुरता. तेव्हा उरलेल्या साडेतीन शाळांना सभ्य शब्दांत नाही कसं म्हणायचं, याचा मंडळ वर्षभर विचार करतं. त्या विचाराला योजना म्हणतात. गेल्याच्या गेल्या वर्षी दुबळ्या शाळांना आधार देण्याची योजना आली. आमचा निकाल दुबळेपणाच्या रेषेपेक्षा दोन टक्क्यांनी चांगला निघाला आणि आम्ही हुकलो. "थोडं कमी शिकवलं असतं तर काय बिघडलं असतं तुमचं?" असं तेव्हा हेडसर आम्हा सगळ्यांना म्हणाले होते. आम्ही मनावर घेतलं. पुढच्या वर्षी गुणवंत शाळांना बक्षीस देण्याची योजना आली.

यंदाचं परिपत्रक प्रगतीबद्दल होतं. पाचवीच्या मुलांची गणिताची चाचणी दोनदा घ्यायची. एक वर्षाच्या सुरुवातीला, पायाची. एक शेवटी, कळसाची. दोहोंतला फरक म्हणजे शाळेची प्रगती. ज्यांची प्रगती जास्त त्यांना अनुदान, आणि त्या अनुदानातून कंत्राटी शिक्षकांचे पगार पुढच्या वर्षीही चालू. ज्यांची कमी त्यांचे कंत्राटी शिक्षक वर्षअखेर घरी.

आमच्याकडे कंत्राटी म्हणजे एकच, गणिताच्या बाई. त्या येण्याआधी तीन वर्षं गणित शिट्टीसर शिकवायचे. ते मुळात खेळाचे शिक्षक. पाढे कवायतीसारखे म्हणून घ्यायचे आणि भागाकार आला की मुलांना मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे. मुलांचे पाय दणकट झाले. बाई आल्या तेव्हा पाचवीतल्या अर्ध्या मुलांना वाटायचं की शून्यानं गुणलं की आकडा घाबरून तसाच राहतो. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत बाई आणि त्यांचे अंथरुणाला खिळलेले वडील राहतात. पगार झाला की आधी औषधाच्या दुकानात जायचं, मग घरी, हा त्यांचा रस्ता. नोकरी गेली तर हा रस्ताच बंद. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि पाचवीच्या वर्गालाही.

परिपत्रक आलं त्याच सकाळी हेडसरांनी बैठक बोलावली.

"कळस किती उंच दिसतो, हे पाया किती खोल आहे त्यावर ठरतं," ते म्हणाले. "तेव्हा पाया खोल खणायचा."

"म्हणजे चांगलं शिकवायचं?" शिट्टीसरांनी विचारलं.

"अहो नाही. पहिल्या चाचणीत मुलांनी आपटायचं. जितकं खाली आपटतील तितकी नंतर प्रगती."

"ते तर आपल्याला येतं," शिट्टीसर म्हणाले.

बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "सर, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आहेत. एक गोल काळा करायचा. कोरा पेपर टाकला तर मूल गैरहजर धरणार."

"मग ठोकू दे की काहीही."

"काहीही ठोकलं तर शंभरात पंचवीस बरोबर येतात. चारातलं एक. मांजरानं पंजे उमटवले तरी पंचवीस."

हेडसरांनी गेल्या वर्षीचा निकाल काढला. आमच्या मुलांना शंभरात एकतीस होते.  चार वर्षं शाळा, पुस्तकं, गणवेश, शिट्ट्या, फेऱ्या, आणि मांजरापेक्षा सहा जास्त.

"मग पंचवीसच्या खाली कसं जायचं?" हेडसरांचा आवाज जरा खाली आला होता.

"पंचवीसच्या खाली जायचं तर बरोबर उत्तर कुठलं ते आधी कळायला हवं. मगच ते टाळता येईल," बाई म्हणाल्या. "चुकायचं असेल तर शिकावं लागेल, सर."

"मग शिकवा."

"मी चुकीचं शिकवणार नाही."

"तुम्ही बरोबर शिकवा हो. चुकीचं मी बघतो."

दुपारची घंटा होईपर्यंत कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही, असा माझा नेम आहे. बैठक सकाळची होती, म्हणून मी गप्प बसले. खरं सांगायचं तर दुपारीही मी काही बोलले नाही.

त्यानंतरचे सहा आठवडे आमच्या शाळेत जे घडलं ते तिथे पूर्वी कधी घडलं नव्हतं. शाळेत शिक्षण सुरू झालं.

बाईंना रोज दोन तास जास्त मिळाले. शिट्टीसरांचा तास गेला. स्वच्छता सप्ताह, घोषवाक्य स्पर्धा, पाहुण्यांसाठी स्वागतगीताची तालीम, सगळं रद्द. एरवी बाईंना घरोघरी फिरून माणसं मोजायच्या, पाळीव जनावरं मोजायच्या याद्या भराव्या लागत. हेडसरांनी त्या याद्या स्वतः भरल्या, खुर्चीत बसून, अंदाजानं. तेव्हापासून आमच्या वस्तीत कागदोपत्री चौदा बैल आहेत. खडूची अख्खी पेटी बाईंच्या टेबलावर आली. सभागृहातला चांगला फळा, जो पाहुण्यांची नावं लिहिण्यापुरता वर्षातून दोनदा उघडायचा, तो पाचवीच्या भिंतीवर गेला. मुलांना नापास करायचं ठरल्यावर शाळेला एवढं सगळं सापडलं. पास करायचं होतं तेव्हा ते कुठे होतं, देव जाणे.

बाई शिकवायच्या तेव्हा मी कधीकधी दाराशी उभी राहायची. त्यांची एक शिस्त होती. पेपराच्या मागच्या पानावर कच्च्या कामाची जागा असते, तिथे उदाहरण नीट सोडवायचं, उत्तराभोवती चौकोन काढायचा, आणि मगच पुढे यायचं. "पुढचं पान लोकांसाठी," त्या म्हणायच्या. "मागचं पान आपलं. मागच्या पानावर खोटं चालत नाही."

त्यांचा तास संपला की हेडसरांचा सुरू व्हायचा. त्याला वेळापत्रकात त्यांनी निवड असं नाव दिलं होतं.

"एका बसमध्ये बेचाळीस माणसं, अशा सहा बसेस. एकूण किती?"

"दोनशे बावन्न," वर्ग एका सुरात.

"छान. मग कुठला गोल काळा करायचा?"

"दोनशे बावन्न सोडून कुठलाही."

"तसं नाही. सगळ्यात वेडगळ दिसेल तो. यात सगळ्यात वेडगळ कुठलं?"

"सात," वर्ग ओरडला.

"शाबास. सहा बसेसमध्ये सात माणसं. हे उत्तर."

तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. तिला सगळे वकील म्हणतात, कारण ती पहिलीपासून प्रत्येक गोष्टीला पुरावा मागते. आई तिची शिवणकाम करते आणि म्हणते, हिच्याशी वाद घालण्यापेक्षा दोन झगे जास्त शिवेन. वकील उभी राहिली.

"सर, उत्तर माहीत असून चुकीचं लिहायचं, याला काय म्हणतात?"

"धोरण," हेडसर म्हणाले. "खाली बस."

ती बसली, पण तास सुटल्यावर बाईंना गाठलं. मी तिथेच हजेरीपट गोळा करत होते.

"बाई, मी खरं उत्तर काळं केलं तर तुमची नोकरी जाईल?"

बाईंनी फळा पुसणं थांबवलं नाही. "माझ्या नोकरीचं गणित तुझ्या पुस्तकात नाही."

"पण जाईल का?"

"तू मागचं पान नीट लिही. बाकीचं मोठ्या माणसांचं पाप आहे, त्यांच्याकडे राहू दे."

हे ऐकून मी हजेरीपट दोनदा मोजले.

चाचणी झाली. पंधरा दिवसांनी यंत्रानं तपासलेला निकाल आला. एक्केचाळीस मुलं, प्रत्येकी चाळीस प्रश्न, म्हणजे सोळाशे चाळीस उत्तरं. त्यातली बरोबर तीन.

हेडसरांनी आधी सगळ्यांना बिस्किटं वाटली. मग चष्मा लावून पुन्हा कागद बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. "हे तीन कोण हुशार?" त्यांनी विचारलं. पाचवीत चौकशी झाली. कुणी कबूल होईना. शेवटी हेडसर म्हणाले, "असू द्या. आपण शून्यच धरू."

बाकीच्या सहा शाळांनीही पाया खोलच खणला होता. पण त्यांनी मुलांना नुसतं ठोका म्हणून सांगितलं होतं. त्यांचे निकाल चोवीस, पंचवीस, सव्वीस असे मांजराच्या आसपास आले. आमचं मात्र हात दाखवून अवलक्षण झालं. आठवड्याभरात मंडळाचे आकडेसाहेब शाळेत हजर झाले. तरुण माणूस, पाठीवर पिशवी, पिशवीत संगणक. दोन खांबांच्या मधून न येता ते सरळ पडलेल्या कुंपणावरून चालत आले, तेव्हाच हेडसरांना वाईट शकुन झाला.

आकडेसाहेब पाचवीच्या वर्गातच बसले. बाई फळ्यापाशी, हेडसर खुर्चीत, मी कागद घेऊन दाराशी. 

"सर, असा निकाल येऊच शकत नाही," आकडेसाहेब म्हणाले. "डोळे मिटून गोल काळे केले तरी चारशेच्या वर बरोबर यायला हवेत."

"साहेब, तुम्ही आमच्या मुलांना ओळखत नाही," हेडसर हात जोडून म्हणाले. "फार मागे आहेत ती."

"कितीही मागे असली तरी पंचवीस टक्के येतातच."

"तुम्ही आमच्या मागासलेपणाला कमी लेखताय साहेब. ही मुलं म्हणजे अगदी दगड आहेत. मागे एकाला मी विचारलं, सहा बसेसमध्ये माणसं किती, तर म्हणाला सात."

तो मुलगा पहिल्या बाकावरच होता. त्याला तेव्हा त्याबद्दल शाबासकी मिळाली होती. त्यानं मान खाली घातली.

आकडेसाहेबांनी पिशवीतून परिपत्रक काढलं. "मग मला दुसरं काम करावं लागेल. तुम्ही परिपत्रकाची मागची बाजू वाचली असेलच."

परिपत्रकाला मागची बाजू आहे, हे हेडसरांना तेव्हा कळलं. मलाही तेव्हाच कळलं, आणि दप्तर माझ्याकडे होतं. तिथे कलम सात होतं. पायाच्या किंवा कळसाच्या, कोणत्याही चाचणीत एखाद्या शाळेचा निकाल शंभरात वीसच्या खाली गेला, तर तो विषय शिकवणारा शिक्षक जबाबदार. कंत्राटी असेल तर सेवा तत्काळ समाप्त. कायम असेल तर वेतनवाढ रोखून दूरच्या शाळेत बदली.

आकडेसाहेबांनी ते मोठ्यानं वाचलं आणि बाईंकडे बघितलं. "तुम्ही गणित शिकवता?"

"हो," बाई म्हणाल्या.

"मुलांना काही येत नाही, असं सर म्हणतात. तुमचं काही म्हणणं?"

बाईंनी हेडसरांकडे बघितलं. हेडसरांनी खिडकीबाहेरच्या खांबांकडे बघितलं. खरं सांगावं तर फसवणूक उघडी पडणार आणि अनुदान जाणार. न सांगावं तर बाई जाणार.  मी दाराशी होते. बाईंनी काय शिकवलं आणि हेडसरांनी काय, दोन्ही मला माहीत होतं, शिवाय राखीव निधीचा आकडाही माहीत होता. त्यात बाईंचा दीड वर्षाचा पगार सहज बसत होता. मौन हे व्रत म्हणून पाळलं तर पुण्य लागतं असं मी मानते. त्या दिवशी मी पाळलं ते व्रत नव्हतं.

"मी बरोबर शिकवलं," बाई एवढंच म्हणाल्या. "पुढे काय झालं ते सरांना विचारा."

"मुलं दगड आहेत, त्याला मी काय करणार?" हेडसर म्हणाले.

तेव्हा तिसऱ्या बाकावरून वकील उठली.

"साहेब, पुरावा बघितला का?"

"कसला पुरावा?"

"मागचं पान."

आकडेसाहेबांकडे पेपरांचा गठ्ठा होता. यंत्र फक्त पुढचं पान वाचतं, त्यामुळे मागचं पान आजवर कुठल्याच माणसानं उलटलं नव्हतं. त्यांनी एक उलटलं. मग दुसरं. मग खुर्ची ओढून घेतली आणि संगणक बाजूला सारून पेन्सिल मागितली.

ते मधली सुट्टी होऊन गेली तरी उठले नाहीत. चाळीसच्या चाळीस उदाहरणं, ओळीनं सोडवलेली, उत्तराभोवती चौकोन. पुढच्या पानावर सात माणसं, मागच्या पानावर दोनशे बावन्न. सोळाशे चाळीसपैकी पंधराशे बेचाळीस बरोबर, म्हणजे शंभरात चौऱ्याण्णव. आणि यंत्रानं बरोबर ठरवलेली ती तीन उत्तरं होती ना, नेमकं त्याच तीन ठिकाणी मागचं काम चुकलेलं होतं. पोरांना बरोबर उत्तरच वेडगळ वाटलं आणि त्यांनी ते काळं केलं. हेडसरांनी ज्या तीन हुशारांना शोधलं ते बिचारे खरेखुरे चुकलेले होते.

"मंडळात इतका चांगला निकाल कधी आलेला नाही," आकडेसाहेब हळू आवाजात म्हणाले. ते बाईंना नमस्कार करून गेले. वकील बाकावर बसली तेव्हा वर्गानं बाकं वाजवली. आम्हाला वाटलं, जिंकलो.

मंडळाचं पत्र दहा दिवसांनी आलं. आकडेसाहेबांनी सगळं खरं लिहून दिलं असावं. पण खरं मंडळात पोचल्यावर त्याचं काय करायचं ते मंडळ ठरवतं. पत्रात तीन मुद्दे होते.

पहिला: पुढच्या पानानुसार निकाल वीसच्या खाली आहे, सबब कलम सात अन्वये गणिताच्या शिक्षिकेची सेवा समाप्त.

दुसरा: मागच्या पानानुसार मुलांची गुणवत्ता चौऱ्याण्णव आहे, सबब शाळेला प्रगतीची गरज नाही. अनुदानासाठी शाळेचा विचार होणार नाही.

तिसरा: नवी नेमणूक होईपर्यंत पाचवीचं गणित मुख्याध्यापकांनी स्वतः शिकवावं. कळसाची चाचणी ठरल्याप्रमाणे होईल.

तेलही गेलं, तूपही गेलं. खाली एकच सही होती. एकाच मुलाला एका कागदावर ठोंब आणि हुशार ठरवून दोन्हीकडून मार द्यायचा, याला अक्कल लागते. मंडळाकडे ती आहे.

बाईंनी टेबलाचा खण आवरला. खडूची उरलेली पेटी माझ्या हातात दिली. "मागच्या पानावर लक्ष ठेवा," म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्या खांबांच्या मधून बाहेर पडल्या, आणि त्या दिवशी कुणी सांगितलेलं नसताना पाचवीची सगळी मुलं कुंपणावरून घरी गेली.

हेडसर शिकवायला उभे राहिले. वाईट शिकवायचे असं नाही. बारा वर्षांत खडू हातात धरला नव्हता, एवढंच. मुलं बाईंचं शिकलेलं विसरली नव्हती. हेडसर काही विसरले की तीच त्यांना सांगायची. कळसाच्या चाचणीला तीन आठवडे उरले तेव्हा त्यांनी सराव म्हणून एक चाचणी घेतली आणि पेपर तपासायला माझ्याकडे दिले.

मी तपासले. पुन्हा तपासले. मग हेडसरांच्या खोलीत जाऊन टेबलावर ठेवले.

"किती?" त्यांनी विचारलं.

"शून्य. या वेळी ती तीनही नाहीत."

"आणि मागे?"

"मागे सगळं बरोबर."

हेडसर पेपर घेऊन पाचवीत गेले. मी पाठोपाठ गेले.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं. "आता बरोबर गोल काळा करायचा. शंभरदा सांगितलंय."

 मग सगळ्यांच्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या.

"सवय लागली, सर," वकील उभी राहून म्हणाली. आवाजात कुठेही उद्धटपणा नाही. "तुम्हीच लावली. सहा आठवडे."

"मग मोडा ती सवय."

"आम्ही प्रयत्न केला. मोडत नाही. बाई असत्या तर मोडली असती."

"बाई नाहीत आता. मी आहे."

"हो सर. म्हणूनच विचारायचं होतं." तिनं वही उघडली. तिनं कलम सात लिहून घेतलं होतं, ज्या दिवशी वाचलं गेलं त्याच दिवशी. "यात लिहिलंय, शिक्षक कायम असेल तर दूरच्या शाळेत बदली. दूरची म्हणजे कुठली, सर?"

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "तिकडे बस आठवड्यातून दोनदा जाते. सहा बसमध्ये सात माणसं." सगळा वर्ग हसला. मीही तोंडाला पदर लावला. दुपार उलटून गेली होती, नेमाला बाध नव्हता.

हेडसर खिडकीकडे वळले. खिडकीतून दोन खांब दिसत होते. त्यांच्याकडे बघता बघता त्यांनी मला विचारलं, "राखीव निधीतून नेमणूक करायची असेल तर मंडळाची परवानगी लागते का?"

"नाही," मी म्हटलं. "कधीच लागत नव्हती."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत, सर," मी म्हटलं. माझं हे उत्तर त्यांच्या वेडगळ पर्यायांइतकंच खोटं होतं, हे मला बोलतानाच कळलं. "आणि मला सांगायला हवं होतं. ते माझं चुकलं."

त्याच संध्याकाळी हेडसर सायकलच्या दुकानावरचा जिना चढले. मीही बरोबर होते, नेमणुकीचा कागद माझ्याकडे होता. बाई वडिलांना औषध देत होत्या. त्यांनी आम्हाला बसायला एकच खुर्ची होती ती दिली. हेडसर उभे राहिले, मी उभी राहिले, खुर्ची रिकामी राहिली.

"कोणी आलंय का ग?" वडिलांनी पडल्या पडल्या विचारलं.

"शाळेतून आलेत, बाबा."

"पुन्हा चूक शिकवायला?" ते म्हणाले. त्यांना सगळं सांगितलेलं दिसत होतं.

हेडसरांनी कागद पुढे केला. बाईंनी वाचला. पगार तोच, मुदत दीड वर्ष. त्यांनी सही केली नाही. "मी येईन," त्या म्हणाल्या. "पण मुलांना तुम्ही दगड म्हणालात. त्यांच्यासमोर सांगा, की चूक त्यांची नव्हती."

"सांगतो."

"उद्या सकाळी. त्यानंतर मी सही करीन."

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला हेडसर पाचवीत गेले. बाई दारात थांबल्या, आत पाऊल टाकलं नाही. एक्केचाळीस मुलं सरळ बसली होती. हेडसरांनी घसा साफ केला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माणसाला बारा वर्षं नुसत्या सह्या करायची सवय असेल, तर एक साधं वाक्य तोंडातून काढायला केवढा त्रास होतो, ते मी तेव्हा पाहिलं.

"मुलांनो," ते म्हणाले, "धोरण बदललं आहे."

 वकिलाच्या हाताची हालचाल झाली, पण तिनं हात वर केला नाही. बाई अजून दारातच.

"दगड तुम्ही नाही," हेडसर खाली बघत पुटपुटले आणि झपाझप निघून गेले.

 मग बाई आत गेल्या, खडू घेतला आणि फळ्यावर तारीख लिहिली. बहुतेक त्यांनी एवढ्यावरच भागवलं. देणेकरी फार वर्षांनी फेडायला आला तर माणूस व्याज मागत नाही.

कळसाच्या चाचणीत मुलांना शंभरात शहाण्णव मिळाले, दोन्ही पानांवर. मंडळानं कळवलं की मूळ गुणवत्ता चौऱ्याण्णव धरल्यास प्रगती केवळ दोन टक्के आहे, सबब नाराजी व्यक्त करण्यात येत आहे. हेडसरांनी ते पत्र वाचलं आणि आम्हाला सांगितलं की ही सगळी त्यांचीच दूरदृष्टी होती. खांब अजून तसेच आहेत. बाई मुलांना त्यांची सावली मोजायला लावतात.

वर्षअखेर दप्तर लावताना नेमणुकीचा तो कागद माझ्या हाती आला. कारण या रकान्यात हेडसरांनी ठळक अक्षरात लिहिलं होतं, धोरणात्मक. सहज म्हणून कागद उलटला, आता ती सवयच लागली आहे. मागे, कोपऱ्यात, पेन्सिलीनं तीनच शब्द होते: चूक माझी होती. नंतर ते खोडरबरानं पुसायचा प्रयत्न झालेला, पण पेन्सिल दाबून धरली होती, त्यामुळे वाचता येत होतं. आणि भोवती, पाचवीतल्या पोरांसारखा, वाकडातिकडा चौकोन.

मंडळाचे लोक तपासायला येतात ते फक्त पुढची बाजू बघतात. फाइलीत मी तो कागद उलटा लावला.